खडवलीची लोकल आणि मेंदूची साल

मोठ्या मेंदूवरची करडी, घड्याघड्यांची साल म्हणजे कॉर्टेक्स. जाडी जेमतेम 2 ते 4 मिलिमीटर, पण चेतापेशी सुमारे 1600 कोटी. खडवलीच्या फलाटावर कसाऱ्याकडून येणारी लोकल खऱ्या अर्थाने 'दिसते' ती डोक्याच्या मागच्या ऑक्सिपिटल खंडाला. डोळे शाबूत असले, तरी दोन्हीकडचा हा भाग निकामी झाला की अंधत्व येतं. उद्घोषणा ऐकतो कानशिलामागचा टेम्पोरल खंड. खिशातलं दहाचं नाणं न बघता ओळखतो माथ्याकडचा पॅरायटल. धावत्या गाडीत चढण्याचा मोह आवरतो कपाळामागचा फ्रंटल. हा पुरता पिकायला विशीचा मध्य उजाडतो. पावसाळ्यात भातसा नदीत उड्या टाकणारी पोरं पाहिली की ते पटतं!

भाषेचं प्रकरण जास्त रंजक. 1861 मध्ये पॅरिसच्या पॉल ब्रोकांकडे आलेल्या रुग्णाला बोललेलं समजे, पण त्याच्या तोंडून 'टॅन' याखेरीज फारसं काही निघत नसे. मृत्यूनंतर त्याच्या डाव्या फ्रंटल खंडात इजा सापडली. 1874 मध्ये कार्ल वेर्निके यांनी उलटा प्रकार मांडला: बोलणं अस्खलित, अर्थ मात्र शून्य. दोष डाव्या टेम्पोरल खंडात.

शरीराच्या उजव्या बाजूची सूत्रंही डाव्या मेंदूकडेच असतात. त्यामुळे पक्षाघातात अनेकदा उजवा हात आणि वाचा एकदमच जाते. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोबडी वळली, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता 108 ला फोन करा. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं.