तासभर चालता, पण कोणत्या चालीनं?

मंडळी, "आम्ही रोज तासभर चालतो, तरी शुगर काही खाली येईना" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. शुगर औषधावर आणि जेवणावरही अवलंबून असते, ते आहेच. पण आपण तेव्हा एक साधा प्रश्न विचारत नाही: त्या तासात तुम्ही जाता किती? चौकात दोनदा थांबून, चहा घेऊन, फोनवर बोलत घालवलेला तास आणि सलग चाललेला तास, शरीराच्या हिशेबात हे दोन्ही सारखे नसतात.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम जोराचा व्यायाम सांगते. सगळी मेख त्या 'मध्यम' शब्दात आहे. दहा हजार पावलांचा आकडा सगळ्यांना पाठ असतो. पण तो डॉक्टरांच्या खोलीतून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलांचा मापक' अशा अर्थाचं होतं. तिथून तो आकडा जगभर गेला. पावलं जास्त झाली तर चांगलंच, पण एकूण आकड्यातून जोर कळत नाही.

मग जोर मोजायचा कसा? घड्याळ लावून एक मिनिट पावलं मोजा. डावं आणि उजवं, दोन्ही. मिनिटाला साधारण १०० पावलं पडली की बहुतेक प्रौढांची चाल मध्यम जोराची होते, असं अभ्यासांत दिसलंय. ऐंशी पडत असतील तर ती फेरफटक्याची चाल. मोबाईल पावलं मोजतो हे खरं, पण तो शर्टाच्या खिशात आहे की हातात, यावर आकडा हलतो. म्हणून एकदा तरी स्वतः मोजून ताडून पाहावं.

वेग हवा असेल तर अंतर लागतं. परभणी रस्ता घ्या नाहीतर नांदेड रस्ता, किलोमीटरच्या दोन दगडांच्या मध्ये दर २०० मीटरला छोटे दगड असतात, २, ४, ६, ८ असे आकडे लिहिलेले. एका दगडापासून पुढच्या दगडापर्यंत तीन मिनिटं लागली तर तुमचा वेग तासाला ४ किलोमीटर. अडीच मिनिटं लागली तर ४.८, आणि दोनच मिनिटांत पोचलात तर ६. रुंदीकरणात दगड गेले असतील तर मैदानावरची ४०० मीटरची धावपट्टी बरी, तिथं हीच वेळ दुप्पट धरायची. (मैदानच बरं खरं तर. गाळपाच्या दिवसांत पहाटे उसाच्या ट्रॉल्यांच्या शेजारून चालणं काही खरं नाही. रस्त्यानंच जायचं असेल तर उजव्या कडेनं, समोरून येणारी गाडी दिसेल असं.)

आता हे आकडे सगळ्यांना सारखे लावू नका. मोंढ्यात हळदीचं पोतं पाठीवर घेतलेला हमाल मिनिटाला साठच पावलं टाकत असेल, म्हणून त्याला कष्ट कमी म्हणायचे का? पंचवीस वर्षांच्या पोराला १०० पावलं म्हणजे काहीच नाही, सत्तरीतल्या आजींना तेवढ्यात धाप लागेल. म्हणून दुसरी मोजणी श्वासाची. चालताना बोलता येतंय, पण अभंग म्हणता येत नाही, ही मध्यम चाल. अख्खा अभंग गाता आला तर थोडं वाढवा. दोन शब्दांनंतर थांबावं लागलं तर कमी करा. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर मोजणी सोडा, थांबा, आणि डॉक्टरांकडे जा. वारकरी गात चालतात हे कुणीतरी म्हणेलच! ते दिवसभर चालतात हो, त्यांचा हिशेब वेगळा.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी मात्र वेगाला आणखी एक अर्थ आहे. २०११ साली अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या चौतीस हजारांहून जास्त लोकांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा नेहमीच्या चालीचा वेग आणि पुढचं आयुष्य यांचा स्पष्ट संबंध दिसला. चालायला हृदय, फुप्फुसं, गुडघे, नसा, डोळे सगळेच लागतात, कुठं काही बिघडलं की ते चालीत उतरतं. ओसरीवर खडूनं चार मीटरच्या दोन रेघा मारा. आधी दोन पावलं जागा सोडून आजोबांना नेहमीसारखं चालू द्या, "लवकर चला" म्हणू नका, आणि रेघेपासून रेघेपर्यंत सेकंद मोजा. पाचच्या आत आले तर ठीक. दर सहा महिन्यांनी तो आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा. चारचे सहा झाले, तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका, पुढच्या तपासणीला तो आकडा डॉक्टरांना दाखवा.