शोधनिबंधाची इंग्रजी

मिशिगन विद्यापीठातील भाषाशास्त्रज्ञ जॉन स्वेल्स यांनी १९९० च्या ‘जॉनर अ‍ॅनालिसिस’ या ग्रंथात शोधनिबंधाच्या प्रस्तावनेतील तीन ‘चाली’, म्हणजे लेखक क्रमाने उचलतो ती पावले, मांडल्या: क्षेत्र आखणे, त्यातील उणीव दाखवणे आणि ती भरून काढणे. परदेशी पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या अनेक लेखनवर्गांचा हा आधार आहे, आणि तो रास्तच आहे, कारण खरी कसोटी दुसऱ्या चालीत लागते. ‘हाउएव्हर’ने सुरू होणारे ते एक वाक्य ज्येष्ठांच्या संशोधनावर बोट ठेवते, तरी त्यांचा अवमान करीत नाही. लेखनवर्गात जसे हे वाक्य, तसा संभाषणवर्गात आघात, म्हणजे शब्दातील विशिष्ट अक्षरावरचा जोर, घोटून घेतला जातो: ‘रेकॉर्ड’मध्ये तो आधी आला तर नाम, नंतर आला तर क्रियापद होते, आणि मराठीभाषकाच्या कानाला हा भेद सवयीचा नसतो.