भाजून काढलेली माती

व्हिएतनाममधल्या द नांग विमानतळावर उतरणाऱ्या पर्यटकांत आता मराठी मंडळीही भरपूर दिसतात. दोन अवाढव्य हातांनी तोलून धरलेला सोनेरी पूल, समुद्रकिनारा, जवळचे होई आन गाव असा बेत ठरलेला असतो. विमान धावपट्टीवर टेकते तेव्हा खिडकीतून वेगळे असे काही दिसत नाही. पण याच विमानतळाच्या कुंपणाच्या आत सुमारे ९० हजार घनमीटर माती आणि गाळ अक्षरशः भट्टी लावून भाजला गेला. हे काम २०१२ मध्ये सुरू झाले आणि २०१८ मध्ये संपले. खर्च दहा कोटी डॉलरच्या वर गेला. अमेरिकेचे सैन्य हा तळ सोडून गेल्याला तोवर चार दशके उलटली होती.

१९६२ ते १९७१ या काळात अमेरिकी हवाई दलाने दक्षिण व्हिएतनामच्या जंगलांवर आणि शेतांवर सात कोटी लीटरहून अधिक तणनाशक फवारले. झाडांची पाने गळाली की शत्रूला लपायला जागा उरणार नाही, हा हिशोब होता. सगळ्यात जास्त वापरले गेलेले मिश्रण ज्या पिंपांतून यायचे त्यांवर नारिंगी पट्टा असे, म्हणून त्याचे नाव ‘एजंट ऑरेंज’. त्यातले एक तणनाशक, २,४,५-टी, कारखान्यात तयार होताना तापमान हाताबाहेर गेले की सोबत एक नको असलेला पदार्थ तयार होतो. तो म्हणजे टीसीडीडी, डायॉक्सिन कुळातला सगळ्यात जहाल सदस्य. तणनाशक स्वतः उन्हापावसात काही आठवड्यांत विरून गेले. मागे राहिले ते हे डायॉक्सिन.

ते नेमके कुठे राहिले, हा प्रश्न मात्र बरीच वर्षे चुकीच्या जागी विचारला जात होता. जिथे फवारणी झाली ती जंगले विषारी असणार, असे सगळेच धरून चालले होते. १९९० च्या दशकात हॅटफिल्ड या कॅनडातील सल्लागार संस्थेचे शास्त्रज्ञ व्हिएतनामी सहकाऱ्यांबरोबर लाओसच्या सीमेलगतच्या आ लुओई खोऱ्यात मातीचे नमुने घेत फिरले. फवारलेल्या डोंगरउतारांवर डायॉक्सिन होते, पण थोडे. पानांवर आणि मातीच्या वरच्या थरात पडलेले डायॉक्सिन उन्हातल्या अतिनील किरणांनी मोडते, उरलेले पावसाने धुपून जाते. आकडे उसळले ते आ सो या जुन्या लष्करी तळाच्या जागेवर. तिथे पिंपे साठवली जात, विमानात रसायन भरले जाई, सांडलवंड होई. म्हणजे खरा धोका फवारणीच्या नकाशावर नव्हता, गोदामाच्या अंगणात होता. या एका निष्कर्षामुळे अख्ख्या देशाची माती साफ करण्याचा अशक्य प्रश्न मोजक्या तळांपुरता उरला. द नांग, बिएन होआ आणि फू कॅट ही त्यातली मोठी नावे.

तळांवरची पद्धत साधी होती. दोनशे लीटरची पिंपे यायची, टाक्यांत रिकामी व्हायची, विमानात रसायन चढायचे, परतलेली विमाने धुतली जायची. ‘रिकाम्या’ पिंपाच्या तळाशीही काही शिल्लक असेच. बिएन होआमध्ये तर गळतीने हजारो लीटर द्रव जमिनीत मुरला. द नांगला रसायन मिसळण्याच्या जागेवर नंतर मातीत टीसीडीडीचे प्रमाण साडेतीन लाख पीपीटीच्या वर निघाले. पीपीटी म्हणजे एक लाख कोटी भागांत एक भाग, किंवा दहा लाख टन मातीत एक ग्रॅम. सफाईसाठी द नांगला जे उद्दिष्ट ठरले ते होते १५० पीपीटी.

हे एवढेसे प्रमाण माणसापर्यंत पोहोचते कसे? डायॉक्सिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्यामुळे विहिरीचे पाणी ही पहिली काळजी नसते. ते मातीच्या कणाला घट्ट चिकटते. पाऊस आला की कण वाहून तळ्याच्या गाळात बसतो. गाळातले जीव किडे खातात, किड्यांना मासा खातो, माशाला बदक किंवा माणूस. डायॉक्सिन चरबीत साठते आणि प्रत्येक पायरीवर त्याचे प्रमाण वाढत जाते. द नांग विमानतळाच्या हद्दीतल्या सेन तळ्यात मासेमारी करणाऱ्या आणि कमळे काढणाऱ्या लोकांच्या रक्तात ते मोठ्या प्रमाणावर सापडले, स्तनदा मातांच्या दुधातही सापडले. माणसाच्या शरीरातले हे प्रमाण निम्म्यावर यायला साधारण सात ते अकरा वर्षे लागतात. जमिनीच्या पोटात, उन्हापासून दूर, तेच व्हायला कित्येक दशके जातात.

म्हणूनच द नांगला पहिला उपाय कोणत्याही यंत्राचा नव्हता. २००७ च्या सुमारास मिश्रणाच्या जागेवर काँक्रीटचा थर घातला गेला आणि तळ्यातली मासेमारी बंद झाली. खर्चाच्या मानाने आरोग्याला सर्वाधिक फायदा बहुधा याच दोन गोष्टींनी झाला असावा. आ सोमध्ये तर वनशास्त्रज्ञ फुंग तुउ बोई यांनी जुन्या तळाभोवती काटेरी झाडांचे कुंपण लावायला सुरुवात केली, गुरे आणि मुले आत जाऊ नयेत म्हणून. या झाडांच्या शेंगा आपल्या शिकेकाईसारख्या साबण म्हणून वापरता येतात. फलकावरची धोक्याची सूचना वाचून जे होत नाही ते काट्याने होते, हे खेड्यातल्या कुणालाही पटेल.

पण कुंपण घातल्याने विष नष्ट होत नाही. ते नष्ट करायचे तर उष्णता लागते. द नांगला काँक्रीटच्या ठोकळ्यांची उंच भिंत बांधून आत माती भरली गेली. जवळपास फुटबॉलच्या मैदानाएवढ्या या पेटीत हजाराहून अधिक तापनळ्या उभ्या खोचून माती किमान ३३५ अंश सेल्सियसपर्यंत तापवली आणि काही आठवडे तशीच ठेवली. या तापमानाला डायॉक्सिन कणापासून सुटते आणि त्याचा बहुतांश भाग मातीच्या ढिगातच मोडून पडतो. उरलेली वाफ नळ्यांनी शोषून घेऊन गाळली जाते. हे काम दोन खेपांत झाले. त्यानंतर मातीतले प्रमाण उद्दिष्टापेक्षा बरेच खाली आले आणि ती विमानतळाच्या विस्तारात भरावासाठी वापरता आली.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. उष्णतेने डायॉक्सिन मोडते, पण अर्धवट, धुमसत्या आगीत ते तयारही होते. कचऱ्याच्या ढिगाला लावलेली आग, त्यातले पीव्हीसी प्लास्टिक, वायरवरचे आवरण जाळून तांबे काढणे, या सगळ्यांतून याच कुळातली संयुगे निघतात. त्यासाठी कुठल्या युद्धाची गरज नाही.

आता कळीचा वैद्यकीय प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये टीसीडीडीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. अमेरिकी सैनिकांच्या अभ्यासांतून मऊ ऊतींचे सार्कोमा, काही प्रकारचे लिम्फोमा आणि क्लोरॅक्ने हा त्वचेचा विकार यांच्याशी पुरेसा संबंध दिसला. युक्रेनचे विक्टर युश्चेन्को यांचा २००४ मधला खडबडीत झालेला चेहरा अनेकांना आठवत असेल. तो क्लोरॅक्नेच. जन्मजात व्यंगांबाबत मात्र चित्र इतके स्पष्ट नाही. व्हिएतनाममध्ये पिढ्यान्‌पिढ्या अपंगत्वाची मुले जन्मत असल्याचे तिथले डॉक्टर आणि सरकार सांगतात. पण कोणत्या आईच्या अंगात किती डायॉक्सिन होते हे तेव्हा कुणी मोजले नव्हते आणि आज मागे जाऊन ते मोजता येत नाही.

या अनिश्चिततेची किंमत सगळ्यांनी सारखी मोजली असे नाही. अमेरिकी माजी सैनिकांना रसायन कंपन्यांनी १९८४ मध्ये १८ कोटी डॉलरची तडजोड दिली. १९९१ च्या कायद्याने तर व्हिएतनाममध्ये नोकरी केली असणे हाच अनेक आजारांसाठी पुरेसा आधार मानला गेला, प्रत्येकाने आपले डायॉक्सिन सिद्ध करायची गरज उरली नाही. व्हिएतनामी पीडितांचा दावा मात्र अमेरिकी न्यायालयाने २००५ मध्ये फेटाळला आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ऐकायला नकार दिला. सैनिक तिथे फार तर एखाद-दोन वर्षे होता, गावकरी जन्मभर. तरीही संशयाचा फायदा सैनिकाला मिळाला. त्यामुळे माती साफ करण्याचा पैसा भरपाई म्हणून आला नाही. तो ‘मदत’ म्हणून आला, आणि अपंगांसाठीचा निधीही ‘कारण काहीही असो’ अशा सावध शब्दांत दिला गेला.

मदत थांबवता येते, हे बिएन होआत दिसले. हो ची मिन्ह शहरापासून तीसेक किलोमीटरवरचा हा तळ द नांगपेक्षा कितीतरी मोठा प्रश्न आहे. इथे सुमारे पाच लाख घनमीटर माती आणि गाळ दूषित आहे. २००३ मध्ये अर्नोल्ड शेक्टर आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या तपासणीत इथल्या बाजारातली बदके, कोंबड्या, मासे यांत डायॉक्सिन सापडले होते. २०१९ मध्ये दहा वर्षांच्या सफाईचा आरंभ झाला. २०२५ च्या सुरुवातीला वॉशिंग्टनने परदेशी मदत गोठवली तेव्हा काम अध्येमध्ये थांबले. खणलेले खड्डे उघडे, दूषित मातीचे ढिगारे तसेच आणि पावसाळा काही आठवड्यांवर. नंतर काम पुन्हा सुरू झाले. मधल्या काळात ताडपत्र्या टिकल्या की नाही, यावर डोंग नाय नदीच्या काठच्या या दाट वस्तीच्या शहरात माती कुठवर वाहत गेली असती हे अवलंबून होते.