दोन डोळ्यांची टिपरी – लोकरीची



या पानावर आपण एरवी बेणेबदल, खोडवा, पाचट आणि हुमणी यांविषयी वाचता. या अंकातही विषय टिपरीचाच आहे, फक्त ही टिपरी सरीत दाबायची नसून क्रोशाच्या सुईवर विणायची आहे. नायगाव भागातील महिला सभासदांच्या बैठकीत ठिबकची माहिती देऊन झाल्यावर एका भगिनीने स्पष्टच विचारले, "साहेब, शेतातलं सगळं सांगितलं. सावलीत बसून करायचं काही असलं तर ते बी सांगा की." मागणी रास्त होती. घरी आमच्या सौ. क्रोशाकाम करतात. त्यांच्याकडून पद्धत समजून घेऊन, एक नग स्वतः विणून आणि मोजमाप टिपून हा लेख लिहिला आहे.

क्रोशा आपल्याकडे नवा नाही. लग्नातले रुखवत पाहिले की ताटावरचे रुमाल, दारावरचे तोरण, लोकरीची फळे, कुठे कापसाचे लाडू आणि कापडाच्या करंज्या मांडलेल्या असतात. म्हणजे खाण्याच्या जिनसांची खेळणी करणे हा आपल्या आयाबहिणींचा जुनाच उद्योग आहे. जपानी लोक अशा क्रोशाने किंवा सुयांवर विणून आत भरण घातलेल्या लहान खेळण्यांना 'अमिगुरुमी' म्हणतात. 'अमि' म्हणजे विणलेले, आणि 'नुइगुरुमी' म्हणजे भरण घालून शिवलेले खेळणे, या दोहोंचा तो जोडशब्द. जगभर बाया-पोरी आज केक, स्ट्रॉबेरी, अंडे असले नमुने विणतात. आपल्या रानात ऊस असताना आपण स्ट्रॉबेरीच्या मागे का लागावे? शिवाय शिकणाराला उसाची टिपरी सर्वांत सोपी. हात नाहीत, पाय नाहीत, कान नाहीत. सरळ नळी, दोन गाठी आणि डोळे.

साहित्य थोडेच लागते. चार पदरी लोकर: उसाच्या रंगाची एक लहान गुंडी, गाठींसाठी व टोकांसाठी मोतिया रंगाची थोडी, आणि डोळ्यांसाठी काळा व जांभळट धागा. उसाचा रंग कोणता घ्यावा हे आपल्या प्लॉटवरून ठरवा. को. ८६०३२ उन्हात उघडा पडला की तांबूस-गुलाबी दिसतो आणि पाचटाखाली झाकलेला भाग पिवळट हिरवा राहतो, तेव्हा दोन्ही रंग खरेच. क्रोशाची सुई अडीच ते तीन मिलिमीटरची घ्यावी. या लोकरीला रुमालासाठी याहून जाड सुई वापरतात. खेळण्याला मुद्दाम बारीक, कारण वीण घट्ट पाहिजे, नाहीतर आतले भरण बाहेर डोकावते. याशिवाय मोठ्या नेढ्याची एक सुई, कात्री, आणि फेरीची खूण ठेवायला वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा.

टाका एकच शिकायचा, मुका खांब. सुई खालच्या टाक्यात घालावी, लोकर ओढून घ्यावी; सुईवर दोन कड्या होतील. पुन्हा लोकर घेऊन ती दोन्ही कड्यांतून एकदम काढावी. एक कडी उरते. झाला मुका खांब. एकाच टाक्यात दोन मुके खांब घातले की वाढ होते. दोन शेजारच्या टाक्यांतून एकेक कडी ओढून, सुईवर तीन कड्या झाल्यावर तिन्हींतून लोकर काढली की घट होते. सबंध टिपरीत याखेरीज काही नाही.

आता सुरुवात. मोतिया लोकरीची सरकगाठ करून दोन साखळ्या घालाव्यात. सुईपासून दुसऱ्या साखळीत सहा मुके खांब घालावेत. ही पहिली फेरी. पुढे फेऱ्या जोडत बसायचे नाही, गोगलगाईच्या शंखासारखे गोल गोल जात राहायचे. त्यामुळे फेरी कुठे सुरू झाली ते विसरते, म्हणून तो खुणेचा दोरा पहिल्या टाक्यात अडकवून दर फेरीला वर सरकवावा. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात वाढ, म्हणजे १२. तिसऱ्या फेरीत एक साधा, एक वाढ, असे सहा वेळा, १८. हा झाला टिपरीचा छाटलेला चपटा काप.

चौथ्या फेरीला उसाचा रंग धरावा. रंग बदलताना एक युक्ती आहे: आधीच्या टाक्याच्या शेवटच्या दोन कड्या काढतानाच नवी लोकर घ्यावी, म्हणजे रंगाची सीमा साफ येते. या फेरीत टाक्याच्या डोक्यावरच्या दोन धाग्यांपैकी फक्त मागच्या धाग्यात सुई घालावी. एवढ्याने काठ कोयत्याने छाटल्यासारखा काटकोनात वळतो. पुढे पाचवी ते आठवी फेरी साधी, दर फेरीत १८. काम वाटीसारखे वळू लागले की सुलट बाजू बाहेर आहे ना ते पाहावे; सुलट बाजूला टाके ओळीने दोन बोटे फाकवल्यासारखे दिसतात.

नववी फेरी गाठीची. मोतिया लोकर, दोन साधे आणि एक वाढ असे सहा वेळा, २४ टाके. दहावीत पुन्हा उसाचा रंग, दोन साधे आणि एक घट असे सहा वेळा, परत १८. कडे उठून दिसते. अकरा ते सतरा या सात फेऱ्या साध्या, १८ च्या; ही दोन गाठींमधली कांडी. अठरावी फेरी नवव्यासारखी, एकोणिसावी दहाव्यासारखी. वीस ते चोवीस साध्या. पंचविसावीला मोतिया लोकर, पुन्हा मागच्या धाग्यात, एक साधा आणि एक घट असे सहा वेळा, १२. सव्विसावीत नुसत्या सहा घटी, ६. या शेवटच्या दोन फेऱ्या भरण आणि डोळे झाल्यावरच घालायच्या. नंतर लोकर कापून, टोक सुईत ओवून सहा टाके आवळून घ्यावेत. अशी बोटभर लांबीची, अंगठ्याहून जाड टिपरी तयार होते.

इथे एक गोष्ट जोर देऊन सांगतो. मोजणी सोडू नका. १८ चे १७ झाले की एक टाका सुटला आणि १९ झाले की एकात दोन पडले. टिपरी एका अंगाने कलते आणि पुढची प्रत्येक फेरी ती चूक वाहून नेते. लागणीत नांगी पडली तर पिशवीतले रोप लावून ती भरता येते. क्रोशात नांगी भरायला तिथपर्यंत उसवावेच लागते. बरे की लोकर उसवली तरी वाया जात नाही. म्हणून दर फेरीअखेर मोजावे, आणि गाठीच्या फेरीनंतर दोनदा मोजावे. ज्यांना शाळा मिळाली नाही त्यांनीही घाबरू नये. बेण्याची मोळी मोजता येते त्या बाईला सहाचा पाढा अवघड नाही, आणि इथला सगळा हिशेब सहाच्या पाढ्यातला आहे.

भरणाचा विचार करू. आपण कापसाच्या जिल्ह्यातले. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचा एनएचएच ४४ हा संकरित वाण १९८४ पासून दूरवर गेला. तेव्हा भरणाला कापूस नको असे लिहिणे जिवावर येते. पण पिंजलेला कापूस धुतल्यावर गोळा होतो, आत ओल धरतो, आणि पोराचे खेळणे धुवावे तर लागतेच. म्हणून उशीत घालतात तो कृत्रिम धाग्याचा फायबर घ्यावा. लवकर वाळतो, फुगलेला राहतो. शोभेसाठी करायची असेल तर खुशाल कापूस घाला. थोडे थोडे भरत कोपऱ्यांपर्यंत दाबावे, पण टाके फाकून पांढरे दिसेल इतके गच्च नको.

आता डोळे. बाजारातल्या खेळण्यांना मणी किंवा बटणाचे डोळे असतात. तान्ही पोरे जे हाती लागेल ते तोंडात घालतात. मणी निसटला आणि श्वासनळीत गेला तर जिवावर बेतते. तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या हातात जाणाऱ्या खेळण्याला मणी, बटण, टिकली, टाचणी यांतले काहीही लावू नये. काळ्या धाग्याने त्याच जागी चार-पाच टाके घालून डोळा भरावा. चौदाव्या आणि पंधराव्या फेरीच्या मध्ये, एकमेकांपासून पाच टाक्यांवर दोन डोळे, खाली एक वाकडा टाका हसण्याचा. धाग्याच्या गाठी आत राहाव्यात म्हणून हे तोंड बंद करण्यापूर्वी करावे.

हे झाले बघण्याचे डोळे. उगवण्याचे डोळे वेगळे, आणि ऊस विकास अधिकाऱ्याच्या नजरेला तेच आधी दिसतात. टिपरीचे दोन डोळे कधी एका बाजूला नसतात. एक या अंगाला, दुसरा त्या अंगाला. गाठीची फेरी २४ टाक्यांची आहे, तेव्हा नवव्या फेरीवर जांभळट धाग्याने एक लहान त्रिकोण भरावा आणि अठराव्या फेरीवर त्याच्या बरोबर उलट बाजूला, १२ टाके मोजून, दुसरा. दोन्हींची टोके शेंड्याकडे असावीत. म्हणजे पोराला शेंडा कुठला आणि बुडखा कुठला हे खेळता खेळता कळेल. लागणीच्या वेळी डोळे बाजूला यावेत, खाली दबू नयेत, हे आम्ही दर वर्षी सांगतो. एखाद्या घरी ते लोकरीच्या टिपरीवरून अधिक पटेल असे वाटते.

पुढचा भाग बचत गटांनी लक्ष देऊन वाचावा. या टिपरीत एकूण ४४४ टाके आहेत. वरच्या फेऱ्यांची बेरीज करून पाहा. हात बसलेल्या बाईने मिनिटाला सहा टाके घातले तरी ७४ मिनिटे झाली. भरण, डोळे, टोके लपवणे धरून १०० मिनिटे समजा. लोकर व भरणाचे १५ रुपये आणि मजुरी मिनिटाला एक रुपया धरली, तर एक टिपरी ११५ रुपयांना पडते. हे आकडे उदाहरणाचे आहेत, आपले आपण घालावेत. पण यात्रेतला व्यापारी म्हणाला, "चाळीसला द्या, शंभर नग घेतो," तर काय होते ते बघा. १५ रुपये साहित्याचे गेले, उरले २५, म्हणजे तासाला १५ रुपये. या दराने खुरपणीला कोणती बाई बांधावर येईल? मग क्रोशाला का यावी? "तेवढाच फावला वेळ सत्कारणी लागतो" हे उत्तर मला बैठकीत मिळाले. वेळ फावला असो की कामाचा, बोटे तीच दुखतात, डोळे तेच शिणतात. स्वेटर यंत्रावर निघतात, पण क्रोशाचे खेळणे आजही हातानेच होते. तेव्हा असे खेळणे कुठे फारच स्वस्त दिसले, तर ती स्वस्ताई कोणाच्या तरी मजुरीतून कापलेली आहे हे ओळखावे.

याचा दाखला आपल्याच नदीकाठी आहे. नांदेडवरून गेलेली गोदावरी आंध्रात समुद्राला मिळते, त्या मुखाजवळ नरसापूर आहे. तिथे एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी बायकांना क्रोशाची लेस शिकवली आणि पुढे तो परदेशी निर्यातीचा मोठा धंदा झाला. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तिथे राहून अभ्यास केला आणि १९८२ साली पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी दाखवले की दिवसाचे कित्येक तास सुई चालवणाऱ्या बायांना कामगार न म्हणता 'घरबसल्या वेळ घालवणाऱ्या गृहिणी' म्हटले गेले, म्हणून मजुरी नाममात्र राहिली, आणि नफा व्यापारी व निर्यातदारांकडे गेला. २०२४ साली नरसापूरच्या क्रोशाला भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट. पण मानांकन मालाला मिळते. मजुरी विणणारीला मागावी लागते. उसाच्या भावासाठी आपण संघटित होतो. क्रोशाच्या दरासाठी गटातल्या दहा जणींनी एक दर ठरवून त्याखाली कोणीच द्यायचे नाही, एवढे तरी करावे.

विक्रीबाबत एक नियमही माहीत असावा. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे आहे. केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या खेळण्यांना यातून सूट दिलेली आहे. तेव्हा माळेगावच्या यात्रेत किंवा नांदेडच्या प्रदर्शनात खेळणी म्हणून मांडण्यापूर्वी ही नोंदणी करून 'पहचान' कारागीर ओळखपत्र काढून घ्यावे. घरच्या पोरासाठी किंवा रुखवतासाठी करायची असल्यास हा प्रश्न येत नाही.

शेवटी, काही भगिनी टिपरीला वरून हिरवी पाने विणून लावतात असे दिसले. दिसायला छान, पण वाढे छाटल्याशिवाय टिपरी होत नाही, एवढे आमच्या खात्याचे म्हणणे नोंदवून ठेवतो. तयार नमुना आणि फेऱ्यांचा कागद गट कार्यालयात बेणे वाटपाच्या रजिस्टराशेजारी ठेवला आहे. येताना आपली सुई घेऊन यावी. नमुना हाताळून पाहावा, उसवून पाहायचा असल्यास मात्र आधी सांगावे.