विजेच्या सुरीला धार कोण लावणार?

रविवारी सकाळी शिवाजीनगरच्या रसेल मार्केटात जाऊन सुरमई आणायची, हा आमच्या इमारतीतल्या काकूंचा वर्षानुवर्षांचा नेम. मूळच्या त्या मालवणच्या. बंगळूरला येऊन तीस वर्षे झाली, सुरमईला 'अंजल' आणि बांगड्याला 'बंगुडे' म्हणायला शिकल्या. पण मासा कापायचा तो घरीच, विळीवर, हा हट्ट काही सुटला नाही. मग बोटांच्या सांध्यांनी असहकार पुकारला. त्यातच एकदा नातवाच्या घशात काटा अडकला. तेव्हापासून घरात फर्मान निघाले : नातवाच्या ताटात बिनकाट्याचाच मासा!

अमेरिकेतल्या मुलाने यावर विजेची सुरी धाडली. तिकडे १९६० च्या दशकापासून ती घरोघरी दिसते. सणाला टर्की कापायला, आणि मासेमारीचा छंद असणाऱ्यांना मधल्या काट्यालगत मांसाचे सलग काप काढायला. (तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३०. तिथली सुरी सरळ आपल्या प्लगात खुपसली तर मोटर जळते. मुलाने व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर सोबत पाठवला, म्हणून बरे.)

वर्षभर काकू खूश होत्या. पुढे पुढे काप सुबक निघेनात. मांस फाटून त्याचा भुगा व्हायला लागला. काकू सुरी आणखी दाबून धरत. एका रविवारी ती घसरली आणि डाव्या अंगठ्याला तीन टाके पडले. बोथट सुरी धारदार सुरीपेक्षा घातक असते ती अशी. जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की हातावरचा ताबा जातो.

दुसऱ्याच आठवड्यात गल्लीत धारवाला आला. सायकलवर बसून पायाने चाक फिरवणारा, विळ्या-कात्र्यांना झकास धार लावणारा माणूस. काकूंनी कौतुकाने ती दोन्ही पाती त्याच्या हाती दिली. ठिणग्या उडाल्या, पाती चांदीसारखी लखलखली आणि सुरी कायमची निकामी झाली. त्या बिचाऱ्याचा तरी काय दोष? असले पाते त्याने पूर्वी पाहिलेच नसेल.

चूक कुठे झाली, हे सुरी नीट पाहिली की कळते. तिची दोन पाती एकमेकांना चिकटून असतात. मोटर सुरू झाली की एक पुढे जाते तेव्हा दुसरे मागे येते. म्हणजे ही एकप्रकारे दुहेरी करवतच. दोन्ही पात्यांच्या आतल्या बाजू अगदी सपाट असतात; दाते घासलेले असतात ते फक्त बाहेरच्या बाजूने. फिरत्या चाकावर धरले की दातेच झिजून जातात. आतली बाजू घासली तर त्याहून वाईट. दोन पात्यांत फट पडते आणि माशाचे तंतू त्या फटीत ओढले जातात.

मग धार लावायची कशी? आधी प्लग काढावा, मगच बटण दाबून पाती सोडवावीत. हातात जाड मोजे हवेत. पाते उजेडात धरा. दात्यांच्या टोकांवर चमकणारे ठिपके दिसले, तर ती टोके गोल झाली आहेत असे समजावे. साधी कानस इथे कामाची नाही. पात्याचे पोलाद कडक असते, कानस नुसती वरून सरकते. हिऱ्याची पूड बसवलेली, टोकाकडे निमुळती होणारी गोल कांडी लागते. ती प्रत्येक खाचेत, खाचेच्याच उतारावर टेकवून हलक्या हाताने चार-पाच वेळा फिरवायची, एकाच दिशेने आणि बाहेरच्या बाजूनेच. शेवटी आतली बाजू बारीक सहाणेवर पूर्ण सपाट ठेवून एकदाच सरकवली की कडेला उठलेली किनार निघून जाते. काम किचकट, वेळखाऊ. आणि दाते फार बारीक असतील, तर कांडी खाचेत बसतच नाही. माझे मत विचाराल तर हा उपाय एक-दोनदा करावा आणि पुढे सरळ नवी पाती घ्यावीत.

नवी पाती घ्यायची ती जोडीनेच! एक जुने, एक नवे असे चालत नाही, कारण दोघे एकत्रच झिजलेले असतात. शिवाय एकाची मूठ दुसऱ्याला लागत नाही. पाती अडकवायची खाच प्रत्येक कंपनीची, कधी कधी प्रत्येक मॉडेलचीही, निराळी असते. म्हणून मुठीवरचा मॉडेल नंबर उतरवून घ्यावा आणि पात्यांची लांबी मोजून ठेवावी. डावे-उजवे पाते ओळखण्याची खूण असते, ती पाहूनच बसवावे.

पाती लवकर बोथट का होतात? काकूंच्या बाबतीत ओट्याचा ग्रॅनाइट कारणीभूत होता. पाट लाकडाचा किंवा प्लास्टिकचा हवा. बर्फ झालेला मासा आधी पूर्ण सुटू द्यावा. मधला जाड काटा या सुरीने तोडू नये, त्याच्या कडेकडेने जावे. समुद्री माशाचा खार पात्याला गंज चढवतो, म्हणून काम होताच पाती धुऊन कोरडी करावीत. मूठ मात्र पाण्यात बुडवू नये, ती ओल्या फडक्याने पुसावी.

मुलाने धाडलेली नवी जोडी गेल्या महिन्यात आली. पहिली सुरमई काकांनी कापली. काकू शेजारी स्टुलावर बसून 'काट्याला धरून, काट्याला धरून' असे बजावत होत्या. बांगडा मात्र अजून विळीवरच होतो. आता विळीवर सून बसते.