सीडी कोरी नाही, पत्ता चुकलाय

सीडी-आरवर एकदाच लिहिता येतं. लेझरने रंगद्रव्याच्या थरावर उमटवलेली खूण पुन्हा पुसत नाही. तरीही त्याच सीडीवर आज काही फोटो, महिन्याभराने आणखी फोटो टाकता येतात. इतकंच काय, जुनी फाइल ‘काढून’ही टाकता येते! न पुसता काढायची कशी? फ्रीबीएसडीसारख्या युनिक्स घराण्यातल्या प्रणालीवर अशी सीडी माउंट होताना, म्हणजे वाचण्यासाठी प्रणालीला जोडली जाताना, अडली की या कोड्याचा उलगडा होतो.

दर वेळी लिहिलेला भाग म्हणजे एक सेशन. त्यात डेटाचा नवा ट्रॅक असतो आणि फाइल्सची नवी यादीही. सातबाऱ्यावर फेरफार चढतो तसंच हे: आधीची नोंद नाहीशी होत नाही, पण चालते शेवटची. नव्या यादीत जुन्या फाइल्सचे पत्ते उतरवले तर त्या दिसतात. एखादा गाळला की ती फाइल ‘गेली’. प्रत्यक्षात ती जागच्या जागीच असते.

ही यादी सापडते कशी? आयएसओ ९६६० या १९८८च्या मानकात सुरुवातीचे २०४८ बाइटांचे १६ ब्लॉक राखीव आहेत. त्यांच्या लगेच पुढे ‘सीडी००१’ ही खूण आणि मूळ डिरेक्टरीचा पत्ता असतो. फ्रीबीएसडी सीडीवरची ट्रॅकची सूची वाचते, शेवटचा डेटा ट्रॅक धरते आणि तिथून १६ ब्लॉक ओलांडून ही खूण शोधते.

समजा, पहिलं सेशन ५०,००० ब्लॉकचं आहे. दुसरा ट्रॅक त्याला लागून नसतो. तो सुरू होतो ६१,४००वर. मधले ११,४०० ब्लॉक, म्हणजे सुमारे २३ एमबी, एक सेशन मिटवण्यात आणि दुसरं उघडण्यातच खर्ची पडतात! खूण असते ६१,४१६वर. सूची वाचता आली नाही तर प्रणाली शून्यापासून सुरुवात करते आणि आपल्यासमोर जुनंच सेशन येतं.

अशा वेळी फ्रीबीएसडीच्या ‘सीडीकंट्रोल’ या आज्ञेकडून ‘इन्फो’ मागवा. प्रत्येक ट्रॅकचा आरंभीचा ब्लॉक कळतो. तो आकडा माउंट करताना ‘-एस’ या पर्यायाला द्या; लिनक्सवर त्यासाठी ‘एसबीसेक्टर’ आहे. शून्य दिलं की पहिलं सेशन, ६१,४०० दिलं की दुसरं. नव्या यादीतून गाळलेली फाइल पहिल्यात पुन्हा हजर!

फक्त दुसरा ट्रॅक वेगळा उतरवून ती नक्कल माउंट करू गेलात, तर मात्र फसाल. खूण सापडेल, फाइल्स नाही. कारण यादीतले पत्ते ट्रॅकच्या नव्हे, अख्ख्या सीडीच्या आरंभापासून मोजलेले असतात. म्हणून मूळ सीडीच माउंट करून फाइल्स उतरवून घ्या.

घरातली जुनी सीडी अर्धी रिकामी दिसली, तर लगेच फेकू नका. आधी तिचे सगळे डेटा ट्रॅक एकेक करून माउंट करून पाहा.