स्वतःचं चरित्र स्वतःच का लिहू नये?

विकिपीडियावर स्वतःबद्दल लिहिलेला लेख उडवला गेला की पहिली ओरड होते ती संपादकांच्या दादागिरीची. पण तिथला 'उल्लेखनीयता' हा निकष माणसाची थोरवी मोजत नाही. त्याच्याशी हितसंबंध नसलेल्या विश्वासार्ह प्रकाशनांनी त्याची सविस्तर दखल घेतली आहे का, एवढंच तो पाहतो. प्रसिद्धिपत्रक किंवा पैसे मोजून छापून आणलेली मुलाखत तिथे चालत नाही. स्वतःबद्दल लिहिण्याचा मोह तर कुणालाच सुटत नाही. खुद्द विकिपीडियाचे सहसंस्थापक जिमी वेल्स यांनी २००५ मध्ये स्वतःवरच्या लेखात लॅरी सँगर यांच्या सहसंस्थापकपदाचा उल्लेख बदलला आणि बोभाटा झाल्यावर खेद व्यक्त केला.

उल्लेखनीयतेच्या निकषाविरुद्ध हमखास दाखला दिला जातो भौतिकशास्त्रज्ञ डॉना स्ट्रिकलंड यांचा. मे २०१८ मध्ये त्यांच्यावरचा मसुदा अपुऱ्या संदर्भांमुळे नाकारला गेला आणि ऑक्टोबरमध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. नामुष्कीच ही! मात्र प्राध्यापकांसाठी विकिपीडियाचे वेगळे निकष आहेत आणि स्ट्रिकलंड ऑप्टिकल सोसायटीच्या अध्यक्ष राहिल्या होत्या. म्हणजे नियम होता, तो नीट लावला गेला नाही. शिवाय स्त्री-शास्त्रज्ञांबद्दल माध्यमांनीच कमी लिहिलं, तर संदर्भ येणार कुठून? आत्मचरित्रानं ही उणीव भरत नाही. आपल्याकडच्या लेखक-कलावंतांची दखल बहुतेकदा जुन्या मासिकांत, दिवाळी अंकांत असते. असे छापील संदर्भही विकिपीडियाला चालतात. ते इंटरनेटवर असण्याची अट नाही. स्वतःवरच्या लेखात चूक दिसली, तर चर्चापानावर पुराव्यासह दुरुस्ती सुचवता येते.